दात घासण्याची आठवण फोनवरून द्यायची, तर ती रात्रीची द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुलै लागला की सांगली, मिरज, कराड, सातारा इथली वसतिगृहे आणि कॉट बेसिसच्या खोल्या भरू लागतात. जत, आटपाडी, खटाव, माण अशा तालुक्यांतली मुले-मुली पहिल्यांदाच घराबाहेर राहायला येतात. फीची तारीख, परीक्षेचा अर्ज, हॉलतिकीट यांसाठी महाविद्यालयांकडे एकगठ्ठा संदेश पाठवण्याची सोय असतेच. तीच सोय वापरून विद्यार्थ्यांना दात घासण्याची आठवण करून द्यावी, ही कल्पना चांगली आहे आणि फारशी खर्चिकही नाही. पण ‘दिवसातून दोनदा दात घासा’ असा एक संदेश सकाळी अकराला सगळ्यांना पाठवून काम झाले असे कोणी समजू नये. त्याने एकाही मुलाचा ब्रश हलत नाही. वेळ, शब्द, मुदत आणि नंबर या चारही गोष्टींत चुका होतात. त्या टाळता येण्यासारख्या आहेत, म्हणून हे सविस्तर पत्र.

सकाळच्या ब्रशची आठवण सहसा कोणाला करून द्यावी लागत नाही. तोंड धुतल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. राहून जातो तो रात्रीचा ब्रश. जेवण झाले, चूळ भरली, की झोपायचे, अशीच बहुतेक घरांतली रीत. आणि दातांच्या दृष्टीने महत्त्वाचा तोच. जागेपणी लाळ सतत सुटत असते. ती आम्ल धुऊन नेते, त्याची तीव्रता कमी करते आणि दातातून निघालेले कॅल्शियम व फॉस्फेट परत भरून देते. झोपेत लाळ फारच कमी सुटते आणि हे काम जवळजवळ बंद पडते. गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ल्यावर दातावरच्या थरातले जंतू काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. त्या थराचा सामू (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कवचातून खनिजे झरू लागतात. दिवसा लाळेच्या मदतीने तो अर्ध्या-एक तासात पूर्ववत होतो. पण अभ्यास करताना रात्री साडेअकराला खाल्लेले भडंग दाढांच्या खाचांत तसेच राहिले, किंवा तासगावचा चिकट बेदाणा दोन दातांच्या फटीत अडकला, वर साखरेचा चहा झाला आणि दिवा मालवला, तर सकाळपर्यंत आम्लाला आवर घालणारे तोंडात फारसे काही उरत नाही.

अठरा ते पंचवीस हे वय आणखी एका कारणाने नाजूक आहे. अक्कलदाढ याच काळात येते. अनेकदा ती अर्धीच वर आलेली असते आणि तिच्यावर हिरडीची झाकणी राहते. त्या झाकणीखाली अन्न साचून सूज येते, तोंड उघडेनासे होते. तिथे ब्रश पोचवायचा तर जबडा पूर्ण वासून चालत नाही. तोंड अर्धवट मिटले तरच गाल सैल पडतो आणि ब्रश मागपर्यंत जातो. हे कोणी करून दाखवल्याशिवाय कळत नाही.

हिरड्यांबद्दलची एक जुनी, साधी पाहणी इथे उपयोगी पडते. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दातांची सफाई पूर्ण थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. बिघडायला दीड ते तीन आठवडे आणि सुधारायला एक आठवडा. संदेशांचे वेळापत्रक आखताना आणि पुढे परिणाम मोजताना या दोन मुदती समोर ठेवाव्या लागतात. दुखणे हिरडीपुरते असते तोवरच ही परतीची वाट उघडी असते. दाताभोवतीचे हाड झिजू लागले की ते परत येत नाही.

आता संदेशांनी खरोखर काही होते का? न्यूझीलंडमध्ये सरकारी साहाय्यावर असलेल्या १८ ते २४ वयाच्या तरुणांना १० आठवडे दात घासण्याविषयी संदेश पाठवले गेले. सुरुवातीला दिवसातून दोनदा घासणारे सुमारे निम्मे होते, पुढे ते सत्तर टक्क्यांच्या आसपास गेले. मात्र हे त्या तरुणांनी स्वतः सांगितलेले आकडे आहेत, कोणी त्यांच्या तोंडात पाहून मोजलेले नाहीत. ब्रिटनमध्ये ११ ते १३ वर्षांच्या शाळकरी मुलांवर बरीच मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्गात एक धडा आणि मग रोज दोन संदेश, असा तो उपक्रम होता. सहा महिन्यांनी दोनदा घासणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले, पण अडीच वर्षांनी दातांच्या किडीत फरक पडला नव्हता. संदेशाने हात ब्रशकडे जातो, पण तो तिकडे जात राहण्यासाठी आणि कीड थांबण्यासाठी आणखी काही लागते, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. गोड खाणे, ब्रश फिरवण्याची रीत आणि पेस्टमधले फ्लोराइड या गोष्टी संदेशाच्या बाहेर आहेत. म्हणून उपक्रमाची सुरुवात संदेशाने करू नये. ती वसतिगृहाच्या बेसिनपाशी, ब्रश हातात घेऊन करावी.

त्यासाठी एकदाच वीस मिनिटे पुरतात. सांगलीत आणि कराडला दंत महाविद्यालये आहेत. तिथल्या इंटर्न मुलांनी दहा-बारा जणांचा एकेक गट घेऊन दाखवावे. ब्रश मऊ दात्यांचा आणि लहान डोक्याचा असावा. दाते हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर तिरके, साधारण ४५ अंशांत टेकवायचे. एका वेळी दोन-तीन दातांवर जागच्या जागी बारीक थरथर द्यायची आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडून घ्यायचे. तोंडाचे चार भाग करून प्रत्येकाला अर्धा मिनिट द्यावा. आडवे आणि जोरात घासले की दाताच्या मानेपाशी खाच पडते आणि गार पाणी झोंबू लागते. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहते. लाळग्रंथीचे तोंड तिथेच उघडत असल्याने किटणही सगळ्यांत आधी तिथेच धरते. तिथे ब्रश उभा धरावा. एकदा दगडासारखे झालेले किटण ब्रशने निघत नाही, ते दवाखान्यातच काढावे लागते. हेही मुलांना त्याच वेळी सांगावे, नाहीतर ती ब्रशला दोष देतात.

पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. ट्यूबवर फ्लोराइडचे प्रमाण वाचायला शिकवावे. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम (दहा लाख भागांत एक हजार भाग) फ्लोराइड घालता येते. अनेक वनौषधींच्या पेस्टमध्ये आणि मंजनांत ते अजिबात नसते, आणि नेमक्या त्याच पेस्ट ‘नैसर्गिक’ म्हणून घेतल्या जातात. शेवटची गोष्ट आपल्या सवयीच्या उलट आहे: ब्रश झाल्यावर खळाखळा चुळा भरू नयेत. फेस थुंकून टाकावा आणि उरलेले फ्लोराइड दातांवर राहू द्यावे. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

एवढे झाल्यावर संदेश. पहिला प्रश्न वेळेचा, आणि तो घड्याळ पाहून सोडवता येत नाही. वसतिगृहातला मुलगा अकराला झोपतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी अभ्यासिकेतून दहाला खोलीवर येऊन एक वाजेपर्यंत जागते. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणारा तरुण मध्यरात्रीनंतर जेवतो. रात्रपाळीवाल्याचा ‘रात्रीचा ब्रश’ सकाळी आठ-नऊला, झोपण्यापूर्वी असतो. या सगळ्यांना रात्री साडेनऊचा एकच संदेश गेला तर निम्म्या लोकांना तो चहाच्या टपरीवर मिळेल. तिथे ब्रश नाही, बेसिन नाही. खोलीवर पोचेपर्यंत तो वीस फॉरवर्डखाली गाडला जातो. म्हणून नोंदणी करतानाच विचारावे: ‘तुम्ही साधारण किती वाजता झोपता?’ साडेदहा, साडेअकरा, साडेबारा आणि सकाळी आठ असे चार गट केले की पुरे होते. संदेश झोपेच्या वीस-तीस मिनिटे आधी पोचावा. पाळी दर आठवड्याला बदलणाऱ्यांना पाळीचा तक्ता विचारून गट बदलावा लागेल. हे काम कंटाळवाणे आहे आणि पहिल्यांदा गळते ते हेच.

इथे एक सरकारी अडचण येते. एकगठ्ठा संदेशांवर ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम लागू आहेत. पाठवणाऱ्या संस्थेची, तिच्या शीर्षकाची (संदेशावर दिसणाऱ्या नावाची) आणि प्रत्येक संदेशाच्या मजकुराच्या साच्याची डीएलटी मंचावर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंदणी करावी लागते. जाहिरात प्रकारात नोंदवलेले संदेश रात्री ९ नंतर जात नाहीत, ते दुसऱ्या दिवशी सकाळी १० नंतरच जातात. रात्री साडेदहाची आठवण या प्रकारात नोंदवली गेली तर ती पोचणारच नाही. म्हणून साचा सेवा प्रकारात आणि विद्यार्थ्यांच्या संमतीसह नोंदवावा. संदेशसेवेचा पुरवठादार घाईत भलताच प्रकार निवडतो, तेव्हा अर्ज स्वतः तपासून घ्यावा.

साचा मंजूर झाल्यावर त्यात काना-मात्रा बदलू नये. मंजूर मजकूर आणि प्रत्यक्ष पाठवलेला मजकूर यांत एक पूर्णविराम किंवा एक मोकळी जागा जास्त असली, तरी संदेश दूरसंचार कंपनीच्या गाळणीत अडकतो आणि पाठवणाऱ्याला फक्त ‘अयशस्वी’ एवढेच दिसते. मराठीत याची एक खास खोच आहे. ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’ या शब्दांतला अर्धा ‘र’ संगणकावर दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, यंत्राला वेगळा वाटतो. साचा एका कळफलकावर आणि संदेश दुसऱ्यावर टाइप केला की जुळणी चुकते. सोपा उपाय म्हणजे असे शब्दच टाळावेत आणि मंजूर मजकूर तिथूनच जसाच्या तसा उचलून वापरावा.

लांबीचा हिशोबही देवनागरीत वेगळा आहे. रोमन लिपीतल्या एका संदेशात १६० अक्षरे बसतात, देवनागरीत फक्त ७० जागा मिळतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, मोकळी जागा हे सगळे स्वतंत्र मोजले जाते. ‘स्वच्छता’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा वाचतो, यंत्र त्यात आठ जागा मोजते. ‘मौखिक आरोग्य हे सर्वांगीण आरोग्याचे प्रवेशद्वार आहे. दिवसातून दोनदा दात घासा.’ या वाक्यांना ७७ जागा लागतात. सत्तरच्या पुढे गेले की त्याचे दोन संदेश होतात, दोन्हींचे पैसे लागतात, आणि जोडणीची खूणगाठ ठेवण्यासाठी प्रत्येक तुकड्यात ६७ च जागा उरतात. आता हा पाहा: ‘फोन चार्जिंगला लावताय? आधी २ मिनिटं ब्रश. मग फक्त पाणी.’ याला ५५ जागा लागतात, खाली संस्थेचे छोटे नाव लिहायला १५ उरतात. शिवाय वाचणाऱ्याला लगेच काय करायचे ते कळते. ‘प्रवेशद्वार’ वाचून कोणी अंथरुणातून उठत नाही.

या संदेशात चार्जर मुद्दाम आणला आहे, आणि आमच्या मते सगळ्या उपक्रमाचा कणा तोच आहे. आठवणीचे संदेश आयुष्यभर पाठवता येणार नाहीत, पाठवूही नयेत. ते बंद झाल्यावर आठवण करून देणारे दुसरे काहीतरी रोजच्या रात्रीत आधीपासून असले पाहिजे. या वयाचा जवळजवळ प्रत्येक जण झोपण्यापूर्वी फोन चार्जिंगला लावतो. तो क्षण ब्रशला बांधून द्यायचा: चार्जर हातात घेतला की आधी बेसिन. कोणाला दाराची कडी लावणे सोयीचे वाटेल, कोणाला उद्याचा गजर लावणे. पहिल्याच दिवशी प्रत्येकाने आपली खूण स्वतः निवडावी आणि ‘मी अमुक केले की ब्रश करीन’ असे एक वाक्य लिहून द्यावे. पुढच्या संदेशांत तोच शब्द यावा. साच्यात बदलत्या शब्दासाठी जागा राखून ठेवता येते, तिथे ‘चार्जर’, ‘कडी’ किंवा ‘गजर’ भरावा. ब्रशही डब्यात किंवा बॅगेत ठेवू नये, खुणेच्या वाटेवर दिसेल असा उभा आणि उघडा ठेवावा. ओला ब्रश टोपीत बंद राहिला तर वाळत नाही.

किती दिवस पाठवायचे? लंडनमध्ये सवयींवर झालेल्या एका अभ्यासात, जो २०१० साली प्रसिद्ध झाला, एखादी रोजची कृती आपोआप होऊ लागायला लागणारा मध्यम काळ ६६ दिवस निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, काहींच्या बाबतीत तो २५४ दिवसांपर्यंत जाईल असा अंदाज निघाला. २१ दिवसांत सवय लागते असे जे सर्रास सांगितले जाते, त्यावर विसंबू नये. दहा आठवडे म्हणजे ७० दिवस ही मुदत आम्हाला योग्य वाटते, पण सत्तर संदेश नकोत. पहिले दोन आठवडे रोज, पुढचे दोन आठवडे एकाआड एक दिवस, पाचव्या ते आठव्या आठवड्यात आठवड्याला दोन, नवव्या-दहाव्यात एकेक. असे एकूण ३१ होतात. पाचशे मुलांसाठी १५,५०० संदेश. मजकूर सत्तरच्या पुढे गेला तर ३१,००० चे पैसे, हे खर्चाच्या कागदावर आधीच लिहून ठेवावे. रोज सत्तर दिवस तोच संदेश आला तर डोळा त्यावरून सरकतो, न वाचताच तो पुसला जातो. संदेश विरळ होत गेल्याने संदेश नसलेल्या रात्री मूल स्वतःच्या खुणेवर ब्रश करू लागते, आणि तेच हवे आहे. सुटले तर रागावणारा मजकूर मुळीच नको. एक रात्र चुकल्याने सवय मोडत नाही. ‘काल राहिलं? आज करा’ एवढे बस.

एक संदेश मात्र चुकूनही गाळू नये, आणि तो चौथ्या-पाचव्या दिवशी जावा. बरेच दिवस नीट न घासलेल्या हिरड्यांच्या कडेवर मऊ ब्रश फिरू लागला की थुंकीत रक्त दिसते. मुले घाबरतात, ‘ब्रशने हिरडी कापली’ असे समजून तेवढी जागा सोडून घासतात किंवा रात्रीचा ब्रशच बंद करतात. प्रत्यक्षात रक्त सुजेमुळे येते, आणि सूज तिथे थर साचल्यामुळे असते. थर रोज निघाला तर सूज उतरते. त्यासाठी हा ६३ जागांचा संदेश: ‘रक्त आलं? थांबू नका. तिथेच हळू, मऊ ब्रश. ७-१० दिवसांत कमी होईल.’ पंधराव्या दिवशी याला जोडून दुसरा: अजून रक्त येत असेल तर दाखवून घ्या, आणि कुठे दाखवायचे ते. दोन आठवडे नीट सफाई करूनही रक्त थांबत नसेल, तर बहुधा आत किटण आहे किंवा दुसरे कारण आहे. ते संदेशाने सुटणार नाही.

उत्तर मागायचे असेल तर आधी एक गोष्ट पाहावी. संस्थेच्या नावाने आलेल्या एकगठ्ठा लघुसंदेशाला उलट उत्तर पाठवता येत नाही. ‘झाला असेल तर हो लिहा’ असे त्यात छापले, तर मूल लिहिते, ते जात नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून ते लक्ष देत नाही. उत्तर हवे असेल तर मिस्ड कॉलचा एक नंबर द्यावा किंवा व्हॉट्सअॅपची व्यावसायिक सेवा घ्यावी. तिथे ‘१’ हा आकडा देवनागरीतला आणि रोमन दोन्ही, ‘हो’ दोन्ही लिप्यांतला आणि नुसता अंगठाही यंत्राने मान्य करावा. वर्गाचा व्हॉट्सअॅप गट मात्र या कामाला निरुपयोगी आहे. तो सगळ्यांनी म्यूट केलेला असतो, आणि रक्त येण्याविषयी किंवा तोंडाच्या वासाविषयी वर्गासमोर कोणी काही विचारणार नाही.

आणि नंबर! प्रवेश अर्जावर बहुतेकदा वडिलांचा नंबर असतो. महाविद्यालयाच्या यादीवरून संदेश सोडले की रात्री साडेअकराला आठवण जाते ती गावाकडे, दिवसभर रानात राबून झोपलेल्या माणसाला. यादी वापरू नये. ब्रश दाखवण्याच्या त्या वीस मिनिटांतच मुलांनी स्वतःच्या फोनवरून नोंदणी करावी आणि तिथेच एक चाचणी संदेश पोचलेला पाहावा. ज्यांचा फोन भावंडांत सामायिक आहे त्यांची वेगळी नोंद ठेवावी.

वाचण्याचा कंटाळा असणाऱ्यांना, किंवा मराठी वाचता न येणाऱ्यांना ध्वनिमुद्रित कॉल बरा. एमआयडीसीत परप्रांतांतले तरुण आहेत, जत भागात घरी कन्नड बोलणारी मुले आहेत. गरोदर महिलांसाठी केंद्र सरकारची ‘किलकारी’ आणि आपल्या राज्यात चाललेली ‘एममित्र’ या दोन्ही सेवा अशाच कॉलवर उभ्या आहेत, त्यामुळे पद्धत नवी नाही. कॉल वीस-पंचवीस सेकंदांचा, ओळखीच्या बोलीतला असावा. अनोळखी नंबर आता फसवणुकीच्या भीतीने कोणी उचलत नाही. म्हणून तो नंबर नोंदणीच्या वेळीच फोनमध्ये नावाने साठवून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने मोबाइलवरून दंतआरोग्याचे संदेश कसे द्यावेत याची मार्गदर्शिका २०२१ मध्ये काढली आहे. मजकुराची बैठक ठरवताना ती जरूर पाहावी.

मिश्रीबद्दल लिहिल्याशिवाय आपल्या भागात हा विषय पुरा होत नाही. भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने दातांना लावण्याची चाल सातारा-सांगलीच्या खेड्यांत अजून आहे, विशेषतः बायकांत, आणि आई-आजीचे पाहून ती तरुण मुलींपर्यंत येते. ती दात साफ करण्यासाठी लावतात असे वाटते, पण हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो तो निकोटिनमुळे. हिरडी मागे सरते, दात झिजतात, गालाच्या आत पांढरे चट्टे येतात, आणि पुढे कर्करोगाचा धोका. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा आणि तंबाखू मुलांच्या खिशात असतेच. यांच्यासाठी ‘ब्रश करा’ हा संदेश अपुरा आहे. पण मिश्री किंवा तंबाखूचा उल्लेख असलेला संदेश सामायिक फोनवर गेला तर घरात प्रकरण होऊ शकते. तो फक्त ज्यांनी स्वतः मागितला त्यांनाच पाठवावा. त्यात केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा नि:शुल्क क्रमांक द्यावा, किंवा ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्यायला सांगावे. मिस्ड कॉल दिला की तंबाखू सोडण्यासाठीचे संदेश त्यांच्या फोनवर सुरू होतात.

परिणाम मोजताना विद्यार्थ्यांना ‘दोनदा घासता का?’ असे विचारून समाधान मानू नये. दहा आठवडे आठवण झाल्यावर ‘हो’ हे उत्तर काय अपेक्षित आहे ते कळल्यामुळेही येते. दातावर रंग लावून थर मोजला तरी फसगत होते, कारण तपासणीच्या दिवशी सकाळी प्रत्येक जण चांगले घासून येतो आणि थर एका ब्रशने निघतो. हिरडी मात्र मागच्या आठवडा-दोन आठवड्यांचा हिशोब सांगते. सूज एका सकाळीत उतरत नाही. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी, बोथट टोकाच्या सळईने हिरडीच्या कडेला हलके स्पर्शून किती जागी रक्त येते ते मोजावे. ठरावीक सहा दात घेतले तर एका मुलाला पाच मिनिटे पुरतील. मोजणाऱ्या इंटर्नला कोणाला संदेश गेले आणि कोणाला नाही हे माहीत नसावे. दोन वसतिगृहे असतील तर एकात जुलैत आणि दुसऱ्यात दहा आठवड्यांनी सुरू करावे, म्हणजे तुलनाही होते आणि कोणी वंचित राहत नाही. संदेश थांबल्यानंतर तीन महिन्यांनी आणखी एक मोजणी करावी. आमच्या दृष्टीने खरी परीक्षा ती आहे. चार्जरने काम सांभाळले की नाही ते तिथे कळेल.

संमती लेखी घ्यावी आणि थांबवायचा मार्ग पहिल्याच संदेशात द्यावा. कोणाच्या हिरडीतून रक्त येते, कोण तंबाखू खाते, ही माहिती नावानिशी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाता कामा नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा ज्या कामासाठी माहिती घेतली त्यापुरतीच ती वापरायला सांगतो. उपक्रम संपल्यावर नंबर पुसून टाकावेत, ते शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी कोणाच्या हाती पडू नयेत.

शेवटी मुहूर्ताबद्दल. २० मार्च हा जागतिक मुखआरोग्य दिन. राज्य सरकारचे ‘स्वच्छ मुख अभियान’ही आहे, २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर त्याचे सदिच्छादूत झाले. दंततपासणीची शिबिरे साहजिकच या दिवसाच्या आसपास होतात. पण मार्चमध्ये परीक्षा तोंडावर असतात आणि महिन्याभरात वसतिगृहे रिकामी होतात. दहा आठवड्यांचा उपक्रम तेव्हा सुरू करून पुरा होत नाही. माणूस जागा बदलतो तेव्हा त्याच्या जुन्या सवयी ढिल्या झालेल्या असतात आणि नवी सवय सोयीने बसते. ती वेळ जुलैची, खोली मिळाल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्याची. जुलैच्या मध्याला सुरू केले तर सप्टेंबरअखेर दहा आठवडे पुरे होतात. मधल्या गणपतीच्या सुट्टीत मुले घरी जातात आणि ब्रश खोलीवर राहतो. तेव्हा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ‘बॅगेत ब्रश ठेवला?’ एवढा एकच संदेश जादा पाठवावा. आणि ऑक्टोबरच्या मध्याला, तीन महिने झाल्यावर, आणखी एक: ‘ब्रशचे दाते वाकलेत का पाहा. वाकले असतील तर आज नवा घ्या.’

आपले,
दंतवैद्यक आणि संदेशव्यवस्था या क्षेत्रांत काम करणारे काही जण
विश्रामबाग, सांगली